उत्तेजनार्थ

बाजार समितीच्या शेडमध्ये
जिथे परवापर्यंत संत्र्याच्या ढिगांवर बोली लागत होती,
तिथे आज पांढऱ्या चादरींवर
तालुक्यातली झाडं बसली आहेत परीक्षेला.

माझं काम नावं लिहायचं.
अक्षर बरं, म्हणून दरवर्षी मलाच धरतात.
विभाग, क्रमांक, झाडाचं नाव, मालकाचं नाव.
झाडाला मालक असतो हे मला पटत नाही,
पण रकाना आहे.

बेबीताई काळमेघ, शेवंती, चार रंग.
लाइनमन शालिक उईके, निवडुंग,
खांबावरून उतरवलेल्या चिनीमातीच्या फुटक्या वाटीत.
ढोक मास्तरांचा गुलाब, त्याचं विलायती नाव
त्यांनी मला दोनदा खोडायला लावलं.
सहावीतल्या पल्लवीचा भोपळा
मांडीवर बसून एसटीनं आला,
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे.

दुपारी विद्यापीठाचे परीक्षक आले,
डॉक्टरनं पापणी ओढून पाहावी तशी
पानं उलटून पाहत गेले.
स्टीलचे डबे वाटले, एक फवारणीचा पंप.
टाळ्या झाल्या. भाषण झालं. चहा संपला.

पण खरा निकाल सहानंतर लागतो.

आमच्याकडे म्हणतात,
मागून नेलेली फांदी रुसते,
चोरलेली जगते.
म्हणून दिवसभर ओल्या रुमालांत, ओच्यात,
रिकाम्या डब्यांच्या झाकणाखाली
हिरवं हिरवं काहीतरी चालत असतं,
आणि सगळे सगळ्यांकडे पाठ करून उभे राहतात.

बेबीताई कुंडी टेम्पोत चढवायच्या आधी
बोटानं मोजतात, कुठून काय गेलं ते.
"अकरा वं बाई! औंदा अकरा जणी घेऊन गेल्या माहीवाली!"
पहिल्या नंबरचा डबा
तिथंच मातीत उपडा पडलेला.
ढोक मास्तर चोरांना शिव्या देतात,
पार शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जातील
इतक्या आनंदानं.

मुनाफभाईचा अडुळसा कोपऱ्यात असतो.
पंक्चरच्या दुकानातलं जुनं टायर कापून, उलटून,
पिवळा रंग देऊन केलेली कुंडी,
आणि तिच्यात ते कडू, साधं झाड,
जे कुठल्याही धुऱ्यावर फुकट मिळतं.
औषधी विभागात तीनच प्रवेशिका,
पाच वर्षं झाली, त्याला उत्तेजनार्थ.
संध्याकाळी तोही झाड फिरवून पाहतो,
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.
सगळ्या फांद्या जागच्या जागी.
मग पुठ्ठ्याची पेटी, मग सायकल.

यंदा मी पाहत होतो ते त्याला दिसलं नाही.
कार्डं कापायचं ब्लेड माझ्या खिशात होतं.
शेडमधला बल्ब दोनदा गेला, शालिकभाऊ खांबाकडे धावला,
आणि दुसऱ्यांदा उजेड यायच्या आत
मी एक फांदी छाटली,
पेरापासून खाली, तिरपी,
दिवसभर ऐकून ऐकून जशी शिकलो तशी.
माझ्या घरी कुंडी नाही, अंगण नाही,
खोकलाही नाही कुणाला.

मुनाफभाईनं झाड फिरवलं.
थांबला.
त्या ओल्या जागेवर अंगठा ठेवला,
ट्यूबमधलं भोक सापडल्यावर ठेवतो तसा,
आणि मग शेडभर हिंडला,
ढोक मास्तरांना, बेबीताईंना, चहावाल्या पोराला
बोलावून बोलावून आणलं:
"पाह्यना बाप्पा, कोनं तरी नेली."

मलाही दाखवलं.
मी म्हटलं, "लोकं काही सोडत नाहीत, भाई."

फांदी ऑफिसच्या खिडकीत आहे,
शाईच्या बाटलीत.
पहिल्या आठवड्यात माना टाकल्या पानांनी,
आता पाण्यात पांढरं काही दिसतंय, दोऱ्यासारखं.
मुळं असतील तर कुंडी लागेल.
कुंडी म्हणजे टायर,
आणि टायर या गावात एकाच माणसाकडे आहे.
काय सांगायचं त्याला,
हे अजून ठरत नाही.